बर्फात ठेवलेला कॅमेरा

धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आखातातून परतले तेव्हा त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा जपानी कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याबद्दलचं अर्धवट ज्ञान होतं. कॅमेरा निदान पेटीत बंद व्हायचा.

त्या वर्षी गौरीला दोघं कळंबला येणार होते. आमच्या आईचा एकही फोटो नव्हता. या खेपेला काढाच, म्हणून बहिणीने दाजींच्या मागे लकडा लावला होता. मी कर्जत स्टेशनवर घ्यायला गेलो. सगळं सामान बहिणीच्या हातात, आणि दाजींनी छातीशी धरलेली बर्फाची पेटी.

"यात काय हाय, दाजी?"

"कॅमेरा. इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, तुमच्या दमट हवेत बाद होते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फात ठेवलाय. तिकडे सगळं गारच ठेवतात."

तिकडे खोल्या गार असतात, बर्फात कोणी कॅमेरे पुरत नाही, एवढं कळायला खरं तर आखातात जावं लागत नाही.

एसटीत बहीण हळूच म्हणाली, "अहो, गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो. तसा याला फुटेल."

"तांब्यात आणि कॅमेऱ्यात फरक असतो," दाजी म्हणाले, आणि कळंब येईपर्यंत त्यांनी तो फरक आम्हाला, शेजारच्या म्हाताऱ्याला आणि कंडक्टरला समजावून सांगितला.

घरी पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. ऊन पडून खाचरांतून वाफ निघत होती. आई ठेवणीतलं नऊवारी नेसून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून अंगणात खुर्चीवर बसली. शेजारणी बघायला जमल्या. दाजींनी प्लॅस्टिक सोडलं आणि बघता बघता काच पांढरी झाली. रुमालाने पुसली, पुन्हा पांढरी. मग या विद्वानाने तिच्यावर तोंडाची वाफ सोडली.

"झाला का रं फोटू?" आईने मान न हलवता मला विचारलं.

"नाय, आई. बस जरा."

आत ओल गेली असेल म्हणून दाजींनी मागचं झाकण उघडलं. रोल उजेडात गेला. तेवढ्याने भागलं नाही, ते चुलीकडे निघाले.

"दाजी, नुसता सावलीत ठेवा. आपोआप सुकंल."

"तुम्ही शेती बघा."

निखाऱ्यांवर धरल्यावर आतला लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला तो कायमचा.

"तुमच्या गावची हवाच खराब," दाजी म्हणाले.

आई उठली, गजरा काढून देवापुढे ठेवला, लुगडं बदललं आणि भाकऱ्या थापायला बसली. पहिली गरम भाकरी तिने जावयाच्याच पानात वाढली. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मुंबईच्या दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला, आतला गंज बघितला आणि झाकण पुन्हा लावून दिलं. गौरी-गणपती गेल्यावर मी आईला कर्जतच्या स्टुडिओत नेलं. रंगवलेल्या डोंगरापुढे ती बसली, फोटोत जरा रागावल्यासारखी आली, पण आली.

दिवाळीत दाजींनी तो फोटो हातात घेऊन तिरका धरला, सरळ धरला. "लाइट चुकलाय," म्हणाले.

बहिणीने त्यांच्या हातातून फोटो काढून घेतला आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "दादा, खिळा कुठं मारायचा?"