कौसामावशींचा ड्रायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दुकानातल्या चटक्या-शॉकपर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं असेल कदाचित.

कामशेतला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन — त्यातही जुनी. नवी मशीन घेणारे कंपनीचा माणूस बोलावतात. माझ्याकडे येतात ती बंद पडलेल्या कंपन्यांची अनाथ लेकरं. त्यांचे पार्ट मिळत नाहीत. मग आम्ही दुरुस्तीवाले काय करतो? ह्याचं काढून त्याला लावतो. दुकानात पडून असलेलं मशीन म्हणजे आमचं पार्टांचं कपाट. सगळेच करतात. — बघा, कबुली द्यायला बसलो आणि आधी धंद्याची रीत सांगायला लागलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तर कौसामावशी. टाकवे बुद्रुकच्या. घरात त्या आणि त्यांचे यजमान, आबा — दोघंच. आबांना अर्धांगवायू झालेला, सगळं अंथरुणात. रोज चार-पाच चादरी भिजायच्या. आणि आमच्या मावळात पावसाळ्यात कपडा वाळत नाही हो. आठ-आठ दिवस दोरीवर कुबट वास मारत लोंबकळतो. मावशींकडे लेकीनं दिलेलं दोन टबांचं जुनं मशीन होतं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात, म्हणजे ड्रायरमध्ये, पिळून काढायचं. त्या ड्रायरवर ते घर चाललं होतं. तो फिरेना म्हणून जूनअखेरीला पुतण्याच्या टेम्पोत घालून त्या मशीन माझ्याकडे घेऊन आल्या.

दोष किरकोळ निघाला. झाकणाखालचा स्विच गंजलेला. अर्ध्या तासाचं काम — त्याच संध्याकाळी केलंही. ड्रायर मस्त फिरला. सकाळी फोन करू, घेऊन जा म्हणू, असं ठरवून मी शटर ओढलं.

सकाळी फोन आला तो भुशीच्या बंगलेवाल्या साहेबांचा. मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. बंगला पर्यटकांना भाड्यानं जातो. शनिवार-रविवारची गर्दी, ओल्या टॉवेलांचे ढीग, आणि नेमकी त्यांच्या ड्रायरची मोटर जळालेली. मशीन अगदी मावशींच्या मशीनसारखंच, तेच मॉडेल. पुण्यात फोन लावले, जुन्या बाजारातल्या ओळखीच्यांना विचारलं. कुठेच नाही. साहेब म्हणाले, आज होत नसेल तर दुसरा माणूस बघतो. त्या बंगल्याचे फ्रिज, गिझर, एसी, सगळं माझ्याकडेच होतं.

मी काय केलं, तुमच्या लक्षात आलंच असेल. मावशींच्या ड्रायरची चालती मोटर काढली आणि भुशीला नेऊन बसवली. चार दिवसांसाठी — असं स्वतःला सांगितलं. कुठून तरी एखादी मोटर मिळेल, मग मावशींना लावून देऊ. आणि मावशींना सांगितलं, मोटर जळालीय, पार्ट मिळत नाही, शोधतोय.

शोधत होतो, हे खोटं नाही. मिळाली नाही, हेही खोटं नाही. पण त्यानं काय होतं?

बाजाराच्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीशी यायच्या. डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद, भाताच्या लावणीत उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या. एकदा म्हणाल्या, “भाऊ, धुनं मी हातानं करते. पन पिळायचं व्हत न्हाई वो, मनगटात जोरच न्हाई. चादर वलीच ऱ्हाती, आन आबांच्या पाठीला जखमा पडल्यात.” मी खाली बघून उगाच एक स्क्रू पुसत बसलो. मग त्याच म्हणाल्या, “तुमी तरी काय करनार? पार्टच न्हाई म्हनल्यावर.” माझीच समजूत काढत होत्या! लाज वाटली मला, फार वाटली. आणि लाज वाटून मी काय केलं? काहीच नाही.

भुशीला मोटारसायकलवर पाऊण तास लागतो. चार स्क्रू, दोन वायरी. साहेब ओरडले असते, दुसरा माणूस बघितला असता, बस. मावशींना तर खरं सांगायचीही गरज नव्हती. ‘मिळाली बघा एक जुनी’ एवढ्यावर भागलं असतं. म्हणजे मला खरं बोलायचं धाडस लागत नव्हतं, नुसतं उठायचं होतं. ते झालं नाही. दर आठवड्याला वाटायचं, पुढच्या आठवड्यात जाऊ. 

आबा नवरात्रात गेले. जखमा चिघळल्या होत्या. वय झालं होतं, असं दहाव्याला सगळे म्हणाले. मीही म्हणालो. पडवीत दोरीवर त्यांची एक चादर अजून होती.

दिवाळीनंतर साहेबांनी नवं मशीन घेतलं आणि जुनं मला भंगारात देऊन टाकलं. मोटर परत आली — धडधाकट. मी ती मावशींच्या मशीनला लावली. ड्रायर फिरला, जूनमध्ये फिरला होता तसाच. मावशींना निरोप धाडला, पुण्यात मोटर मिळाली म्हणून. त्या आल्या, पण झाकण उघडूनही बघितलं नाही. म्हणाल्या, “आता काय करू त्याला? दोन लुगडी माजी. हितंच ऱ्हाऊ द्या. सुटं करून लावा कुनाकुनाला. पार्टासाटी कुनाचं अडाया नको, भाऊ.”

ते मशीन अजून दुकानात आहे, मागच्या बाजूला झाकून ठेवलेलं. त्यातला एक स्क्रूही मी काढलेला नाही. ह्यात मोठेपणा काही नाही, हातच लागत नाही त्याला. मावशी अजून बाजाराला येतात. दुकानात डोकावतात, विचारतात, “लागलं का वो कुनाला?” मी म्हणतो, लागलं मावशी, दोन घरांची मशीन सुरू झाली. त्यांना बरं वाटतं. हसतात, पिशवी उचलतात, जातात.

मोटर जळाली नव्हती. त्या पावसाळाभर ती भुशीला टॉवेल पिळत होती.