शेपटीजवळचा निळा ठिपका

आता सांगतोच. हसायचं तेवढं हसा, फक्त चहा सांडू नका.

आमच्या घरी चतुर्थीला मूर्ती नसते. गणपती भिंतीवर रंगवतात. दरवर्षी जुना पुसायचा, नवा काढायचा. वडील काढायचे. त्यांचा हात म्हणजे हात! ते गेले, तेव्हा भिंतीवरचं त्यांचं शेवटचं चित्र मी पुसण्याआधी कागदावर उतरवून घेतलं. शाळा सातवीपर्यंत, पण रेघ चुकली नाही. पंचावन्न वर्षं तोच कागद, तेच चित्र.

उंदराच्या शेपटीजवळ एक निळा ठिपका. लोक विचारत, हे काय? मी सांगे, "त्या ठिपक्यात अख्खो दर्या आसा. वडिलांका दिसलो, तुमका दिसूचो नाय." कुडाळच्या एका चित्रकलेच्या मास्तरांना तर मी ठिपक्यापुढे हात जोडायला लावले!

यंदा हात थरथरायला लागला. ब्रश सुनेच्या हाती द्यावा लागला. बजावलं, रेघ हलता कामा नये. तिने सगळं काढलं. ठिपका तेवढा सोडला.

"ठिपको खंय गेलो गो?"

"बाबा, माका तो डाग वाटलो."

"डाग? माझ्या बापाशीच्या हातान डाग? ठेव तो ब्रश खाली!"

बिचारीने डोळे पुसत ठिपका काढला. मी मिशीला पीळ दिला.

चतुर्थीला दोडामार्गहून आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण. घर पाहुण्यांनी भरलेलं, माझं ठिपक्याचं पुराण रंगात आलेलं. आत्या चष्मा पुसून वाकली.

"बाबल्या, ह्यो डाग अजून हंयच?"

"डाग नाय आत्ये, दर्या!"

"कसलो दर्या, मेल्या! दादाक रंग कालवून दिता दिता तू बसल्या जागी झोपलंस. हातातलो ब्रश भिंतीक लागलो. मी पुसूक गेलंय, तर दादा म्हणालो, रवांदे, पोरगो उठात. फुडल्या वर्साक पुसू."

पुढल्या वर्षी वडीलच नव्हते. पुसणार कोण? मी? मी तर त्याचा दर्या केला!

पाहुणे जमिनीवर लोळायचे तेवढे बाकी. सून पदराआड हसत होती. धीर करून म्हणाली, "बाबा, फुडल्या वर्साक ठिपको काढूचो काय सोडूचो?"

"काढ," मी म्हटलं. "बाकीचा तुझ्या मनान काढ. ठिपको मात्र तसोच."

काय करणार? पंचावन्न वर्षं वडिलांचंच काढत आलो. त्या भिंतीवर माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे. आणि तेही झोपेत!