तोमेबाईंची गाबोळी

माझ्या सासूबाईंचं नाव तोमे. म्हणजे थांब, पुरे! आठवीही मुलगीच झाली तेव्हा बापाने वैतागून ठेवलेलं. होक्काइदोच्या किनाऱ्यावर हेरिंग माशाची गाबोळी सोलण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. खाऱ्या पाण्याने अंगठ्यांना कायमच्या भेगा. जीभही तशीच खारट.

या गाबोळीला काझुनोको म्हणतात आणि नववर्षाच्या पंगतीत ती लागतेच. नावातच पुष्कळ पोरं आहेत म्हणे, म्हणून सुनेला आग्रहाने वाढायची. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. दर वर्षी आत्तेसासूबाई सगळ्यांदेखत मोठा तुकडा माझ्या ताटात टाकत. "खा गं बाई, यंदा तरी!" तो मी न चावताच गिळून टाकायची.

त्या वर्षी मी खारवलेली गाबोळी मुद्दाम साध्या पाण्यात भिजत घातली. मीठ उतरवायच्या पाण्यातही थोडं मीठ लागतं, नाहीतर ती कडू होते. होऊ दे कडू, कोणी खाणार तरी नाही! सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवून चाखलं, माझ्याकडे पाहिलं, पाणी ओतून दिलं आणि नव्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नववर्षाला आत्तेसासूबाईंनी तुकडा उचललाच.

"ठेवा तो खाली, वन्सं," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण नावातच पोरं..."

"कसली पोरं? आमची जुनी माणसं हेरिंगला कादो म्हणायची. कादोची पिल्लं, कादो-नो-को, त्याचंच काझुनोको झालं. बाकीचं लोकांनी मागाहून चिकटवलं. माझा बाप मुलगा हवा म्हणून दर वर्षी वाडगाभर खायचा. झालो आम्ही आठ मुली!"

"म्हणजे लागू पडलीच की!" आत्तेसासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. "आठवीचं नाव काय ठेवलं, वन्सं? पुरे. जन्मभर तीच हाक ऐकतेय मी. माझ्या सुनेला कुणी कमी म्हणायचं नाही."

आत्तेसासूबाईंनी तुकडा भांड्यात परत ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "शिझुए, तुला आवडते का गं ही?"

नऊ वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. दाताखाली ती कशी कुरकुरते ते आठवलं. "आवडते," मी म्हटलं.

त्यांनी अख्खं भांडंच माझ्यापुढे सरकवलं. "मग आवडते म्हणून खा."