पलंगामागची भिंत

आमच्या अप्पांना माणसांआधी भिंती दिसतात. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात येईपर्यंत त्यांचा हात भिंतीवरून फिरून आलेला असतो. तोही उलटा, बोटांच्या पाठीनं. तळहाताला घट्टे पडलेत, त्याला आता काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "घर कसं वाटलं?" अप्पा म्हणाले, "स्वयंपाकघराची भिंत पोट काढून उभी आहे. बाकी माणसं चांगली आहेत." सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

सगळी हयात त्यांनी गिलावा केला. विटांच्या ओबडधोबड भिंतीवर माल थापायचा, पट्टी ओढायची, लाकडी रंध्यानं घासून सारखं करत राहायचं आणि शेवटी बॅटरी भिंतीला टेकवून उजेड आडवा पाडायचा. जिथे सावली दिसेल तिथे पुन्हा हात. "वीट दिसली म्हणजे मिस्त्रीची लाज दिसली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणी आम्ही त्याची नक्कल करायचो आणि मार खायचो.

त्याच गिलाव्याच्या कमाईवर दादा शिकला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो इमारतींच्या आतली सजावट करतो, मोठमोठी कामं घेतो. अप्पा चारचौघांत सांगतात, "आमचा मुलगा आमच्याच लाइनीत आहे." दादा त्याच्या लोकांत सांगतो, "वडील बांधकाम क्षेत्रात होते." दोघांचंही खरंच, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

इतक्या वर्षांत दादानं अप्पांना आपलं एकही काम दाखवलं नव्हतं. अप्पांनी कधी मागितलं नाही. फक्त दादाच्या नव्या कामाची बातमी आली की मला हळूच विचारायचे, "तिथल्या भिंती कुणी केल्या गं?" मला काय ठाऊक! पण एकदा तरी पोरानं हाताला धरून न्यावं आणि म्हणावं, अप्पा, बघा, कसं झालंय, एवढी एकच आस त्या माणसाला होती. म्हणून दादाचा फोन आला, "नवीन हॉटेल केलंय, उघडायच्या आधी घरच्यांनी एक रात्र राहून बघा," तेव्हा अप्पा केस कापून आले आणि बॅग दोन दिवस आधीच भरून बसले.

हॉटेल शहराच्या ज्या भागात होतं तिथे पूर्वी गोदामं होती. आता तिथे कॉफीची दुकानं आहेत आणि दर दुसरी इमारत आतून पोखरून नवी करणं चाललेलं आहे. हॉटेल स्वस्त आणि झोकदार, तरुण पोरापोरींसाठी. खाली भिंतीवर सायकल टांगलेली. छताला नुसतेच बल्ब. विजेच्या तारा लोखंडी नळ्यांतून उघड्यावरून गेलेल्या. कपाट नाही, एक दांडी आणि चार हँगर. न्हाणीघराला काच, म्हणजे लाजलज्जा भाड्यात धरलेली नाही. खोलीची किल्ली देणाऱ्या मुलीची पँट गुडघ्यावर फाटलेली होती. अप्पा माझ्या कानात म्हणाले, "पगार वेळेवर देत नसतील."

दादा घाईत आला, अप्पांना वाकून नमस्कार केला, म्हणाला, "संध्याकाळी निवांत बोलू. उद्या सकाळी मासिकवाले फोटो काढायला येणार आहेत, तुमच्याच खोलीपासून सुरुवात आहे." आणि गेला. अप्पांनी त्याच्या पाठीकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मीच नजर वळवली.

मग आम्ही खोलीत शिरलो आणि अप्पांचा चेहरा पडला. पलंगामागच्या भिंतीचा मधला मोठा तुकडा फोडलेला होता. गिलावा गेलेला, आतल्या विटा उघड्या, कडा वेड्यावाकड्या. आजकालची ही फॅशन आहे हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, दादा संध्याकाळी सांगेलच. अप्पांनी विटांवरून उलटा हात फिरवला. खाली जाऊन त्या मुलीला विचारून आले, "ताई, खोलीचं काम कधी पुरं होणार?" ती म्हणाली, "झालंय की सगळं." अप्पांनी मान हलवली. बिचारी साहेबांना सांभाळून घेतेय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

दुपारी वहिनी मला गल्ल्या दाखवायला घेऊन गेली. अप्पा म्हणाले, "मी जरा पडतो." पडतो कसले! आमची पाठ वळताच ते शेजारच्या बांधकामावर गेले. तिथल्या मिस्त्रीशी त्यांची ओळख व्हायला एक विडी पुरली. जिप्समच्या दोन गोण्या, घमेलं, थापी, पट्टी आणि जमिनीवर पसरायला प्लास्टिक, सगळं मागच्या जिन्यानं वर आणलं.

आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा भिंत पुरी झाली होती. जुना गिलावा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते नुसत्या रंगावरून कळत होतं. खाली थेंब सांडलेला नव्हता. अप्पा पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत होते.

"ठेकेदार अर्धं टाकून पळालेला दिसतो," ते म्हणाले. "उद्या फोटोवाल्यांसमोर पोराची फजिती झाली असती. त्याला सांगू नका, उगाच ओशाळेल. रंग तेवढा सकाळी मारून घेऊ."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मला हसावं की रडावं ते कळेना, आणि तेवढ्यात दादा आला.

तो आधी ओरडला नाही. भिंतीजवळ गेला, हात लावला आणि म्हणाला, "अप्पा, हे मुद्दाम तसं ठेवलं होतं."

"मुद्दाम?"

"डिझाइन आहे ते. तो तुकडा हवा तसा फोडून घेण्यात माझे दिवस गेलेत. हॉटेलच्या मालकीणबाईंना सगळ्यांत जास्त तेच आवडलं होतं."

अप्पा हसले. त्यांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. "अरे, विटा उघड्या टाकून कोण माणसं झोपवतं?"

मग दादाचा तोल सुटला. "तुम्हाला नाही कळणार! जन्मभर लोकांच्या भिंती पांढऱ्या करत बसलात, त्यापलीकडे बघितलंय काय? तुम्हाला बोलावलं हीच चूक झाली माझी."

मी म्हटलं, "दादा, जिभेला हाड आहे का?" पण सुटलेलं वाक्य काही परत येत नाही. अप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिले. नखांत जिप्सम वाळलं होतं.

दादानं माणसांना फोन लावले. सकाळच्या आत यायला कुणी तयार होईना. अप्पाच शेवटी म्हणाले, "उद्या मी काढून देतो. दुसरा कुणी काढेल तर विटांचे टवके जातील."

उजाडताच त्यांनी भिंत ओली केली आणि छिन्नी लावली. स्वतःच्या हातचा गिलावा अप्पा फोडतायत हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातोडी अशी हळू मारत होते, जणू भिंतीला झोपेतून उठवायचं होतं. निघालेला प्रत्येक तुकडा खाली न टाकता घमेल्यात ठेवत होते. दादा दाराशी उभा राहून मोबाईलवरचा जुना फोटो दाखवत होता. "डावीकडे अजून थोडं. ती कड सरळ नको, वाकडी हवी." अप्पा म्हणत होते, "बरं." वाकडी कड त्यांना जमेना. हात आपोआप सरळ रेषेत जाई आणि दादा पुन्हा म्हणे, "वाकडी, अप्पा, वाकडी."

विटांच्या सांधीतली पांढरी भुकटी ब्रशनं काढणं चाललं होतं, तेवढ्यात मालकीणबाई फोटोवाल्याला घेऊन वेळेआधीच दारात उभ्या. खोलीत धूळ, घमेलं, आणि डोक्याला फडकं बांधलेला म्हातारा.

"हे कोण?" त्यांनी दादाला विचारलं.

दादानं तोंड उघडलं. खरं सांगते, तो काय म्हणणार होता हे मला आजही माहीत नाही. त्याच्या आधी अप्पाच बोलले.

"मी मिस्त्री, बाई. साहेबांनी थोडं हातकाम सांगितलं होतं. झालंच."

साहेब! पोटच्या पोराला साहेब! मी दादाकडे पाहिलं. आता बोलेल, आता म्हणेल, हे माझे वडील. एवढं वाक्य म्हणायला काय लागतं? दादा खाली बघत राहिला. मग फोटोवाल्याला खिडकीतला उजेड दाखवायला गेला.

मालकीणबाईंनी भिंत जवळून पाहिली. खूश झाल्या. "वा, आता आधीपेक्षाही छान दिसतेय. अगदी जुनी, आपोआप पडल्यासारखी." जाता जाता दादाला म्हणाल्या, "या बाबांना सोडू नका हं. पुढच्या हॉटेलात सगळ्या खोल्यांत हेच करायचंय."

"बघू," दादा म्हणाला.

परतीच्या वाटेत मी दादाला नाही नाही ते बोलून घेतलं, अर्थात तो समोर नसताना. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "मीच म्हटलं ना मिस्त्री. मग त्याला का बोल लावतेस?" आपलेच दात आणि आपलेच ओठ!

महिन्याभरानं दादाचा फोन आला, मी तेव्हा माहेरीच होते. मला वाटलं, माफी मागायला असेल. तो अप्पांशी बोलला. दुसऱ्या हॉटेलचं काम सुरू झालं होतं, मालकीणबाई त्याच बाबांचा आग्रह धरून बसल्या होत्या. जाण्यायेण्याची सोय तो करणार होता.

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही जाणार नाही आहात." पण ते उठून पिशवी शोधायला लागलेसुद्धा. मी दाराशी आडवी उभी राहिले, रडले, भांडले. "चांगल्या भिंती फोडायला बोलावतोय तो तुम्हाला!"

"बोलावतोय ना," अप्पा म्हणाले.

आता तीन हॉटेलं झाली. अप्पा महिनामहिना तिकडेच असतात. वाकडी कडही त्यांना जमायला लागली आहे. मागच्या वेळी घरी आले तेव्हा पाठीला तेल चोळताना मी विचारलंच, "तिथे सगळ्यांसमोर दादा तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?"

"मिस्त्री म्हणतो," अप्पा म्हणाले. आणि माझा हात थांबलेला कळला असावा, म्हणून घाईघाईनं पुढे म्हणाले, "पण जेवायला बोलवायला स्वतः येतो हो. दुसऱ्या कुणाला पाठवत नाही."