निर्माता हबीब मिस्त्री

हबीब मिस्त्रीला एकच शौक होता, आपलं नाव पिवळ्या रंगात रंगवलेलं बघण्याचा. धुळ्यात रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा हा माणूस. त्र्याण्णव साली त्याने मुंबईहून व्हिडिओ गेमचा जुना सर्किट बोर्ड आणला, सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं, आत भंगारातला टीव्ही बसवला आणि वर पेंटरकडून लिहून घेतलं, ‘निर्माता – हबीब मिस्त्री, धुळे’. सिनेमाच्या पोस्टरवर असतं तसं. बोर्ड जपानी होता, पण ते विचारायला धुळ्यात कोण येतंय? दुरुस्ती सुटली आणि घर त्या खोक्यावर चालायला लागलं.

पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना लाथाबुक्क्या घालत. पोरं शाळा बुडवून खेळत आणि हबीब त्यांना हाकलत नसे. तो काही साधू नव्हता.

पुढच्या वर्षी तोतारामनानांच्या मगनने वर्गातल्या वना नावाच्या पोराचं डोकं पट्ट्याच्या बक्कलने फोडलं. सात टाके पडले. नाना म्हणजे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्कार या विषयावर दोन दोन तास बोलायचे, ऐकणाऱ्याला पाणीसुद्धा न विचारता. त्यांनी लगेच सभा घेतली. पोरगा गेममुळे बिघडला, तेव्हा गेम बनवणाऱ्यावरच खटला भरायचा असं ठरलं, टाळ्या पडल्या. मग कोणीतरी विचारलं की बनवणारा राहतो कुठे? जपानला, असं कळताच सभा गार पडली. नाशिकला तारखेला जायचं म्हटलं तरी जे आजारपण काढतात, ते जपानला काय जाणार!

कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणं हा माझा धंदा. दोन दिवसांनी नाना हसत हसतच माझ्याकडे आले. बनवणारा सापडला होता, नावगावासकट, पिवळ्या अक्षरांत. अर्जात ‘निर्माता’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारायला लावल्या. तो शब्द पेंटरचा आहे, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. तरी मी रेघा मारल्या. नानांपुढे मान हलवणाऱ्यांत मीही होतोच.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी हबीबला बोलावलं. मला पंच म्हणून बसवलं. नाना आणि मगन समोरच होते. खोकं जप्त झालं तर चूल बंद, हे हबीबच्या तोंडावर दिसत होतं. बोर्ड जपानचा आहे, नाव मी हौसेने घातलं, हे त्याने तीनदा सांगितलं. नाना म्हणाले, लिहिलंय ते लिहिलंय. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

शेवटी हबीब मगनकडे वळला आणि शांतपणे अहिराणीत म्हणाला, “मन्हा गेममा पट्टा कोठे शे, भाऊ?”

मगनने बापाकडे पाहिलं. नानाच खेकसले, की निर्माता तू आहेस, जबाबदारीही तुझीच.

“गेमना निर्माता मी शे, नाना,” हबीब म्हणाला. “पोरगाना निर्माता कोण शे?”

नाना ताडकन उठले. त्यांचा हात सवयीने कमरेच्या पट्ट्याकडे गेला. मारायचं हबीबला होतं, पण मगनने दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकून घेतलं.

फौजदारांनी ते पाहिलं. मग खाली मान घालून त्यांनी खोकं जप्त केल्याचा कागद पुरा केला. पंच म्हणून सही मी केली.