वैद्याला दिलेला आवाज

भात विकायला बेळगावला गेलेल्या आमच्या गाडीतून मी एकदा खुनाची कादंबरी आणली. घरात सत्ता आत्याची, आणि पोथीखेरीज दुसरं काही मोठ्यानं वाचलेलं तिला खपत नसे. बरेच दिवस मागे लागलो, तेव्हा म्हणाली, "एकडाव वाच. रंगलं तर आनखी आन. न्हाईतर ह्ये चुलीत."

पावसाला महिना होता. दुपारी सारं घर ओटीवर बांबूच्या कामट्यांची इरली विणायला बसे, कारण भरपावसात भाताच्या लावणीच्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यावर एक लागायचंच. हात गुंतलेले, कान मोकळे. वाचणाऱ्याला आणखी काय हवं?

कादंबरी अस्सल होती, हे मी आज केस पिकल्यावरही छातीवर हात ठेवून सांगतो. इनामदाराचा बंद खोलीत खून. संशय तिघांवर: पुतण्या, कारभारी आणि वैद्य. खुनी कोण, ते शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. मला मात्र ठाऊक होतं, कारण येताना गाडीतच मी ती दोनदा वाचली होती. शिवाय घरातला गोष्टी सांगणारा मी, शिमग्याच्या खेळात राक्षसाचं सोंग आणणाराही मीच. तेव्हा प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देणं ओघानंच आलं.

वैद्यबुवा हसतमुखानं इनामदाराची नाडी बघायला आले, आणि माझ्या गळ्यातून राक्षस बोलला.

"ह्योच त्यो," आत्या कामटी सोलत म्हणाली. "मारलं ह्येनंच."

"आत्या, अजून खून झालेला नाही."

"मग हुईल की आता."

पुढच्या प्रकरणात झाला. कुणी मानसुद्धा वर केली नाही. तिसऱ्या दुपारी थोरला भाऊ पेंगू लागला आणि आत्या पुस्तकाकडे सरपणाकडे बघावं तशी बघू लागली.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, घसा बसला तुमचा. आणा इकडं."

वहिनी खानापूरकडच्या, मराठी चौथी शिकलेल्या. त्यांनी मामलेदाराची नोटीस वाचावी तसं वाचायला घेतलं. ना चढ, ना उतार. तिघेही संशयित एकाच आवाजात बोलू लागले. माझा जीव कासावीस झाला.

दोन पानांत भावाची पेंग उडाली. आत्याचे हात थांबले. "वैद्य बरा मानूस दिसतोय की," ती म्हणाली. "कारभारीच लबाड." थोड्या वेळानं तिनं पुतण्याला धरलं. मग परत कारभाऱ्याला. त्या दुपारी एकही इरलं पुरं झालं नाही.

शेवटचं प्रकरण वहिनींनी दुसऱ्या दिवसावर ठेवलं. संध्याकाळी आत्यानं मला गोठ्यात गाठलं. "तू वाचलायस न्हवं? सांग की, कोन त्यो?"

गोष्टीसाठी एवढी आर्जवं माझी आजवर कुणी केली नव्हती. तोंडाशी आलेलं मी कसंबसं गिळलं. "उद्या वहिनींच्या तोंडूनच ऐक," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वैद्याच्या हातात बेड्या पडल्या. आत्यानं हातातली कामटी खाली ठेवली. मग वहिनींकडे बघत म्हणाली, "फशिवलंस की गं मला." आणि चक्क खूश होती.

पुस्तक तिनं स्वतः उचलून पोथीशेजारी ठेवलं. "पुढल्या गाडीनं असलंच दुसरं आन," मला म्हणाली. "पर वाटंत वाचू नगंस."