सिप्रियनच्या क्लॅरिनेटमधली अडकलेली सुई

…तर हिलरी हसला आणि सिप्रियनने क्लॅरिनेट पिशवीत घालून खुंटीला टांगलं. काल तुम्ही मधेच उठून गेलात, म्हणून थोडं मागून सांगतो.

सिप्रियन आमच्या नंदाखाल गावचा केळीवाला. त्याची वाडी माझ्या कुंपणाला लागून. सकाळी केळींना पाणी, संध्याकाळी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याने, ॲन्सेल्मने, त्याला जॅझची कॅसेट दिली होती, जुन्या तबकडीवरून भरलेली. त्यातलं एक गाणं त्याने पाटात पाय सोडून, ऐकून ऐकून बसवलं. अठरा वर्षं वाजवलं. मला जॅझमधलं काय कळतं? पण शिंपता शिंपता मलाही पाठ झालं.

अठ्ठ्याण्णव साली लेकीचं लग्न ठरलं, बेटी तिचं नाव. तिने एकच मागितलं, "पप्पा, मी निघताना ते गाणं."

म्हणून आम्ही दोघं वसईला हिलरीकडे गेलो. त्याची हयात हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवण्यात गेलेली. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"छान. पण मधला तुकडा तीनदा का?"

"कॅसेटमध्ये तसाच आहे."

"अरे बाबा, तिथं तबकडीवर सुई अडकलीय." हिलरी पोट धरून हसला. "आणि नक्कल कसली करतोस? चाल धरायची, मधलं आपलं आपण बोलायचं. ते जॅझ."

अठरा वर्षं लोकांच्या मांडवात आपण सुई वाजवली, हे सिप्रियनला फार लागलं. लग्नाला आठ दिवस, आणि हा म्हणतो वाजवणार नाही. बेटी जेवेना.

शेवटी त्याची बायको आल्बिना तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लग्नात आम्ही बाया विहिरीचं पाणी आणायला जातो, तेव्हा गातो ना? चाल आज्यांची, व्याह्यांना टोमणे दर वेळी नवे. ते आम्हाला कोण लिहून देतं?"

सिप्रियन उठला, खुंटीकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून वाडीत गाणं तेच, पण रोज निराळं. सुईची जागा मात्र गाळलेली.

लग्नात बेटी निघाली आणि त्याने सूर धरला. मधेच बायांच्या विहिरीच्या गाण्यात शिरला, तिथून वळणं घेत परत मूळ चालीवर. लग्नाला आलेला हिलरी मान डोलावत होता. आणि एकदम तो जुना तुकडा आला. एकदा, दोनदा, तीनदा.

हिलरीने कपाळावर हात मारला. "सिप्रियन, पुन्हा सुई?"

सिप्रियन क्लॅरिनेट पुसत म्हणाला, "सुई नाय ती. बेटी जाताना तीनदा मागे वळली. तेवढ्याच वेळा वाजवलं."